जागी आहे तोवर

यंदा आंबा उशिरा आला. मोहोर आला तो करपला, पुन्हा फुटला, पुन्हा ढग आले, आणि दोन महिने रत्नागिरीत जो तो हवामान खात्यातून नुकताच निवृत्त झाल्यासारखा बोलत होता. मग एप्रिल सरता सरता आमच्याही मागच्या खोलीत पेंढा पसरला गेला, त्यावर आंबे मांडले गेले, वर पुन्हा पेंढा, आणि दार लोटून घेतलं. काही दिवसांनी आढीचं ते दार उघडलं की जो वास येतो, त्याच्यासाठी मुंबईचे पाहुणे वर्षभर जीव टाकतात. खोटं कशाला बोलू, मला तो वास सहन होत नाही. दार मी उघडतच नाही. आंबे महेश काढतो, पिकलेले बाजूला करतो, उरलेले उलटून ठेवतो, आणि तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून भांडी घासत बसते.

महेश म्हणजे माझा नवरा. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात तो बॉयलरवर आहे. रस तापवायचा, डबे उकळायचे, सगळं वाफेवर. वाफ थांबली की कारखाना थांबला. बॉयलर चालवायला परवाना लागतो, आणि परवाना असलेली माणसं तिथे दोनच, एक दिवसाला आणि एक रात्रीला. एरवी कारखाना कोकम, फणस, लोणची करत रेंगाळत असतो, पण आंबा सुरू झाला की फाटकाबाहेर टेम्पोंची रांग लागते आणि आतल्या माणसांना वार विचारला तर सांगता येत नाही. सीझनला रजा मागायची नसते. असं कुणी सांगत नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक असतं. लोक सख्ख्या भावाच्या लग्नालाही अक्षता टाकण्यापुरते जातात आणि जेवण न घेता परत येतात.

सई आमची मुलगी. आंब्यात जन्मली आणि आंबा संपायच्या आत गेली. आज असती तर चौथीत असती. मी चौथीच्याच वर्गाला शिकवते, त्यामुळे या वर्षी हजेरी घेताना रोज मला ते कळत होतं, आणि रोज मी पुढचं नाव घेत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे हे इतकं ठरलेलं की मी नोकरीवाली, शिकलेली वगैरे असूनही मला दुसरं काही सुचलं नाही. माझं माहेर पालीच्या पुढे, रस्त्यापासून आत. सरकारने मला सहा महिन्यांची रजा दिली होती. महेशला कुणी काहीच दिलं नव्हतं आणि त्यानेही मागितलं नव्हतं. मागून मिळालीही नसती, कारण खासगी नोकरीत बापाला रजा द्यावी अशी कायद्याची सक्ती तेव्हाही नव्हती, आजही नाही. पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. बापाला रजा लागते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझी आई तर हसून म्हणाली होती, "बाळंतिणीच्या खोलीत बाप्याचं काय काम? तिथं येऊन तो काय करील, अंगाई म्हणील?" आम्ही सगळे हसलो होतो. महेशही हसला होता.

सई झाली त्या दिवशी सासूबाईंनी त्याला बजावून सांगितलं, "सोयर आहे हो आपल्याला. देवाला हात लावू नकोस, देवळाची पायरी चढू नकोस." तो आज्ञाधारक. सीझनला कारखान्यात रोज सकाळी बॉयलरला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळतात, मग आग घालतात. ते दिवस हळदकुंकू दुसऱ्या कुणीतरी लावलं. आग मात्र महेशनेच घातली. देवाला त्याचा हात चालत नव्हता आणि बॉयलरला त्याच्याशिवाय दुसरा हात चालत नव्हता. सोयर पाळणारे आपण, घरात मूल आलं म्हणून बापाला देवापासून दूर ठेवतो आणि कामावर खुशाल धाडतो. यात काही उलटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं, आणि फार वाटतं.

तो रविवारी यायचा. शिफ्ट बदलताना मधे काही तास मिळायचे, त्यात रत्नागिरीहून हातखंब्यावरून गाडी हाणत आमच्या गावी, आणि काळोख पडायच्या आत परत. म्हणजे घरात तास-दीड तास. गाडीचा आवाज वळणावर आला की मी सईचं दुपटं सारखं करायची. आणि आईची धांदल उडायची.

आता हे मला नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. जावई आला म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावायला नको. बाबा सदरा चढवून पडवीत येत. पाय धुवायला पाणी, मग चहा, मग खाली सतरंजी. बाबा त्याच्याशी डिझेलचा भाव, हमरस्त्याचं काम, कुणाच्या कलमांवर कसला रोग पडला असलं बोलत बसत. आत आई कोंबडीचा रस्सा ढवळत वड्यांचं पीठ थापत असे. महेश दोनदा म्हणायचा, "आई, घाईत आहे, काही करू नका." त्यावर आईचं ठरलेलं, "आत्ता आलाव नि आत्ता चाललाव? जेवल्याशिवाय नाय सोडायची मी." एकदा तर तिने त्याला वाटीभर आमरस वाढला. सबंध आठवडा ज्याच्या अंगाला, केसांना, गाडीच्या सीटला आंब्याचा वास, त्याला आमरस. त्याने तोही निमूट खाल्ला आणि वर "छान झालाय" म्हणाला.

मधल्या खोलीत मी सईला घेऊन बसलेली. दाराला पडदा. सासरे बसलेले असताना उठून बायकोच्या खोलीत शिरायचं याचा त्याला संकोच, आणि त्याला आत बोलवायचा मला. जेवण झालं, विडा झाला, की शेवटी आईच म्हणायची, "जा हो, बघून या लेकीला." मग तो पडदा सारून आत यायचा, हात धुतलेले असूनही पुन्हा रुमालाला पुसायचा आणि पाळण्याशी उभा राहायचा. सई झोपलेली. दर वेळी झोपलेली. दुपारची तिची झोप गाढ असायची. सकाळी तेलपाणी, शेक, धुरी, मग दूध, आणि मग दिवस कलेपर्यंत ती डोळा उघडायची नाही.

तो हात पुढे करायचा आणि आई मागून म्हणायची, "नको हां उठवू, आत्ताच निजली पोर." झोपलेल्या बाळाला उठवू नये. बरोबरच आहे, कुणीही हेच म्हणेल. तो तिच्या मुठीवर एक बोट टेकवायचा. मग घड्याळ बघायचा. गाडीचा आवाज उताराला लागेपर्यंत मी ऐकायची, आणि तो पुरता विरला की थोड्या वेळाने सई जागी व्हायची.

बारशालाही तेच. आत बायकांची गर्दी, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे, हशा. बाप्यामाणसं बाहेर. महेशला आपल्या मुलीचं नाव पडवीत ऐकू आलं. नाव त्यानेच सुचवलेलं होतं, म्हणून त्यात नवल काही नव्हतं, पण मी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तो ओठांतल्या ओठांत ते म्हणून बघत होता.

आणि माझ्याकडे तिचा सगळा जागेपणा होता. ती कशी बघायची, डोळे किती काळे होते, डावीकडच्या खिडकीतून उजेड आला की कशी मान वळवायची, शिंक आली की स्वतःच कशी दचकायची. दूध पिताना एक हात वर करून हवेत धरायची, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. हे मी महेशला फोनवर सांगायची. तिकडून बॉयलरचा घूं आवाज, आणि त्यातून त्याचं, "काय? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगायची. माझी रजा तेव्हा मला भरगच्च वाटायची, आणि त्याच्याकडे रिकामे हात आहेत हे दिसत असूनही वाटायचं, जाईल एवढा सीझन, मग आहेच की जन्मभर.

पाऊस लागला की झाडावर उरलेला आंबा सगळा एकदम कॅनिंगला येतो. जूनमधले ते दिवस कारखान्यात सगळ्यांत वाईट. त्याच दिवसांत एका सकाळी सईला ताप आला. दुपारपर्यंत ती दूध घेईना. बाबांनी वाडीतली रिक्षा आणली. मी तिला छातीशी धरून बसले, आई शेजारी. महेशला फोन केला तर तो म्हणाला, "मी निघालोच." या खेपेला त्याने कुणाला विचारलं नाही.

हातखंब्याच्या तिठ्यावर गाड्या तुंबल्या होत्या. तिथे सईने डोळे उघडले. चांगले मोठे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, मग रिक्षाच्या छताकडे. मी आईला म्हटलं, "बघ, उतरला वाटतं ताप." त्यानंतर तिने डोळे मिटले.

महेश आमच्या आधी दवाखान्याच्या दारात पोचला होता. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, कोपरापर्यंत काजळी. रिक्षा थांबली तसा तो धावत आला आणि त्याने पहिलं काय विचारलं असेल? "जागी आहे?"

मी तिला तशीच छातीशी धरून आत धावले. डॉक्टरांनी खूप केलं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते मला अजून नीट उच्चारता येत नाही. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. आणि आमच्यात बायका जात नाहीत. माहेरच्या आवाराच्या दगडी गडग्यापासून ओढ्याकडची जी वाट जाते, तिथवर महेशने तिला दोन्ही हातांवर नेलं. ती त्याच्या हातात सगळ्यांत जास्त वेळ होती ती त्या वाटेवर. मी दारात उभी होते, मला दोघींनी धरलं होतं. तो कसा गेला, वाटेत थांबला का, तिच्याशी बोलला का, मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलं नाही. जिवंत सई सगळी माझ्या वाट्याला आली आणि गेलेली सई सगळी त्याच्या. एका मुलीची अशी वाटणी कुणी करतं का? कुणी केली नाही. आम्ही सगळे आपापल्या परीने रीत पाळत होतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक स्वतः आले. चांगला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. महेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहिजे तेवढे दिवस घे. कारखान्याची काळजी करू नको." आणि कारखाना चाललाच की. चिपळूणहून परवान्याचा एक माणूस बोलावला, त्याने बॉयलर पेटवला, रस तापला, डबे भरले. ऐन पावसातल्या आंब्यात जो माणूस मिळाला, तो मे महिन्यात मिळाला नसता का? मालकांवर माझा राग नाही. त्यांनाही सुचलं नव्हतं. मेलेल्या मुलीसाठी रजा द्यायची असते हे त्यांना न सांगता कळलं, कारण ते आपल्याला सगळ्यांनाच कळतं.

त्या रजेत महेशने एकच काम केलं. सईची दुपटी, लंगोट, झबली, टोपरी, सगळी विहिरीवर नेऊन धुतली. माझ्या आईला ते बघवेना. जावयाने लंगोट धुवायचे? "ठेवा हो ते, मी करत्ये," ती रडत म्हणत होती. तो ऐकेना. वाळत घातली, पावसाची सर आली की धावत जाऊन काढली, पुन्हा घातली. वाळल्यावर एकेक घडी केली, कडेला कड लावून. सुतक संपलं तसा तो पुन्हा कामावर गेला.

माझी रजा मात्र उरली होती. आणि ती उरलेली रजा मी उत्तरं देण्यात घालवली. भेटायला येणारी प्रत्येक बाई हळूच विचारायची. गार पाण्यात हात घातले होतेस का? पोरीला पंख्याखाली निजवलीस का? तुझ्या खाण्यात काही आलं होतं का? महेशला कुणी काही विचारलं नाही. कसं विचारणार? तो होताच कुठे तिथे. रजा एकटीला मिळाली, तेव्हा जाबही एकटीलाच. मूल माझ्या एकटीच्या ताब्यात दिलेलं होतं, सांभाळायला दिलेल्या दागिन्यासारखं, आणि ते माझ्याकडून हरवलं होतं. मला त्या बायकांचा संताप यायचा आणि संतापायचं बळ नसायचं.

परवा शाळेत डबे खाताना हाच विषय निघाला होता. कुणीतरी मोबाईलवर बातमी वाचली, बापांनाही रजा हवी, आईबापांनी ती वाटून घ्यावी, असं कुठेतरी बोललं जातंय. आमचे एक गुरुजी म्हणाले, "द्या द्या, आयपीएल बघायला बरी पडेल." सगळे हसले. एरवी मीही अशा विनोदांना हसते. मी म्हटलं, "गुरुजी, बघेनात का आयपीएल. पोर मांडीवर असलं म्हणजे झालं." माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, गुरुजींनी डबा मिटला आणि "तसं नव्हे हो बाई," म्हणाले.

आमचं पुढे मूल झालं नाही. दोघांनीही आता त्यावर बोलणं सोडलंय. पण दर वर्षी आढी लागली की एखाद्या संध्याकाळी आंबे उलटता उलटता महेश आतून विचारतो, "डोळे कसे होते ग तिचे? उघडे असताना?" मग मी नळ बंद करते आणि सांगते. काळे. खूप काळे. उजेडाकडे वळायची. दूध पिताना हात वर धरायची. तेच सगळं, त्याच क्रमाने. माझ्याकडे तरी नवं कुठून येणार? आणि तो दर वर्षी पहिल्यांदा ऐकावं तसा ऐकतो.

यंदा माझ्या धाकट्या भावाला, संदीपला मुलगी झाली. त्याच्या बायकोचं, प्राचीचं माहेर मुंबईत दोन खोल्यांचं, म्हणून ती बाळंतपणाला आमच्याच गावी आली, आणि तिच्याबरोबर संदीपही. पुण्याच्या त्याच्या कंपनीत बापांना महिन्याची रजा असते. निम्मी त्याने आता घेतलीय, निम्मी प्राची कामावर रुजू होईल तेव्हा घेणार आहे. आईने फोनवर आधी तक्रार केली, "दिवसभर घरात बसून असतो बाप्या, लोक काय म्हणतील?" पुढच्या आठवड्यात फोन आला तेव्हा म्हणाली, "तेल मात्र चांगला लावतो हो पोरीला."

रविवारी आम्ही बघायला गेलो. कारखाना अजून जोरात सुरू व्हायचा होता. हातखंब्याच्या तिठ्यावर महेशने गाडी हळू केली. तो तिथे नेहमी हळू करतो. सईने शेवटचे डोळे उघडले ते तिथे, हे मी त्याला सांगितलंय. घरी पोचलो तर पडवीत, जिथे बाबा बसायचे तिथे, संदीप पाय पसरून बसलेला आणि पायांवर पोर, तेलाने चमकणारी, हातपाय झाडणारी. टक्क जागी. बाबा आता नाहीत. असते तर काय म्हणाले असते, असं माझ्या मनात आलं.

"भावोजी, घ्या," संदीप म्हणाला आणि दुपट्यात गुंडाळून त्याने ती सरळ महेशच्या हातात दिली. पाय धुवायचं पाणी तसंच राहिलं. महेश उभ्याचा खाली बसला. पोरीने त्याच्याकडे बघितलं. आधी हनुवटीकडे, मग डोळ्यांत, आणि तिथेच नजर ठेवली.

"अशीच बघायची?" त्याने मला विचारलं.

"अशीच," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

तेवढ्यात आई आतून आली, हाताला वड्यांचं पीठ. "जावईबापू, हात धुवा, तेल तापलाय, वडे टाकत्ये."

महेशने मान वर केली नाही. "आई, जेवायला नको आज," तो म्हणाला. "जागी आहे तोवर घेतो हिला."

आई दारातच थांबली. इतक्या वर्षांत तिला याबद्दल कुणी चकार शब्द बोललं नव्हतं, त्याने नाही आणि मीही नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ते सगळे रविवार, ती कोंबडी, तो आमरस, "नको हां उठवू", सगळं तिच्या तोंडावरून जाताना मला दिसलं. पिठाचे हात पदराला पुसत ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

बाहेर पोरीच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. एकदा मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटायला लागल्या. महेश तिच्यावर वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "थोडं थांब ना ग."